हलकं खाणं आणि उतरतं वजन
वाचकांचे प्रश्न : ज्येष्ठांचा आहार

प्रश्न : माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. आठ महिन्यांपूर्वी त्यांचं वजन ४६ किलो होतं, आता ४१ भरतंय. कवळी सैल झाली म्हणून लावायची सोडली. सकाळ-संध्याकाळ चहा आणि चार-चार बिस्किटं, दुपारी मऊ भात आणि वरणाचं पाणी, रात्री तोच भात दुधात कालवून. जास्त वाढलं की 'पचत नाही' म्हणतात. घरात सगळ्यांचं मत, या वयात हलकंच बरं. काय द्यावं? – एक वाचक, सातारा

उत्तर : आधी डॉक्टर, मग स्वयंपाकघर. पाच किलो म्हणजे मूळ वजनाच्या जवळजवळ अकरा टक्के. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरलं तर ते 'वयामुळे' म्हणून सोडून द्यायचं नसतं. थायरॉइड, वाढलेली साखर, क्षयरोग, कर्करोग, उदासी, भूक मारणारं एखादं औषध, यांपैकी काहीही असू शकतं. तपासण्यांत क्रिएटिनिन जरूर बघा, कारण पुढे जो आहार सांगतो आहोत तो मूत्रपिंड ठीक असणाऱ्यांसाठी आहे. मूत्रपिंडाचा आजार निघाला तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायला हवं.

आता त्यांच्या ताटाचा हिशोब मांडू. दोन कप चहातल्या दुधातून ३ ग्रॅम प्रथिनं, आठ बिस्किटांतून जेमतेम ३, दोन वेळच्या मऊ भातातून (कच्चा तांदूळ ६० ग्रॅम धरला तर) पावणेपाच, रात्रीच्या दुधातून ३, वरणाच्या पाण्यातून एखादा. म्हणजे दिवसाला जेमतेम पंधरा ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढांसाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम हे प्रमाण दिलं आहे. उतारवयात खाल्लेल्या प्रथिनांतून स्नायू बांधले जाण्याची क्रिया मंदावते, म्हणून वृद्धांच्या आहाराचे तज्ज्ञ किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. हिशोब उतरलेल्या वजनावर नको, मूळच्या ४६ किलोंवर करा. म्हणजे रोज ४६ ते ५५ ग्रॅम. सासूबाईंना त्याचा तिसरा हिस्सा मिळतो आहे. कमी पडलेलं प्रथिन शरीर मांड्या-दंडांच्या स्नायूंतून काढून घेतं. मग उठताना हात टेकावा लागतो, तोल जातो, एक दिवस न्हाणीघरात पाय घसरतो. 'हलकं' या शब्दाने एवढं नुकसान होतं, म्हणून आम्हाला तो शब्द खटकतो. अन्न मऊ हवं हे खरं, पण सत्त्व काढून घेतलेलं नको.

ताटातल्या अन्नाचं आकारमान फार न वाढवता असं करता येईल. सकाळी उठल्यावर बिस्किटांऐवजी १५० मिली दूध, त्यात १० ग्रॅम दुधाची पावडर कालवून (साडेआठ ग्रॅम प्रथिनं). चहा हवाच असेल तर त्यानंतर, कारण आधी चहा झाला की भूक मरते. नऊच्या सुमारास पाव वाटी, म्हणजे ३० ग्रॅम मूगडाळीची दोन छोटी धिरडी आणि दोन-तीन चमचे दही, आणखी साडेआठ. दुपारी भात तेवढाच ठेवा, पण वरणाचं पाणी बंद. पाव वाटी कच्च्या तूरडाळीचं घोटलेलं घट्ट वरण, वर एक चमचा तूप, आणि दुधीच्या किंवा लाल भोपळ्याच्या मऊ भाजीत दहा ग्रॅम शेंगदाण्याचं बारीक कूट. हे झाले बारा. चार वाजता पेलाभर ताकात दोन पोहेखायचे चमचे डाळ्याचं पीठ, सहा. रात्री २५ ग्रॅम तांदूळ आणि २५ ग्रॅम मूगडाळीची सैल खिचडी, तुपासकट, आठ. झोपण्याआधी अर्धा कप दूध, तीन. बेरीज ४६. अंडं चालत असेल तर एका अंड्याचे सहा ग्रॅम वर.

चुका नेमक्या कुठे होतात ते सांगतो. घरोघरी खिचडीत तीन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ पडते. इथे डाळ-तांदूळ निम्मे-निम्मे घ्या आणि सहापट पाणी. धिरड्याची डाळ तीन तास भिजवा, आलं-जिरं-हिंग घालून वाटा, मंद आचेवर झाकण ठेवून शिजवा आणि उतरवल्यावर लगेच घडी करून झाका. वाफेने कडा मऊ राहतात. कुरकुरीत कडा दात नसलेल्या माणसाला टोचतात आणि दुसऱ्या दिवशी धिरडं नको होतं. डाळ्याचं पीठ आधी थोड्या ताकात गुठळी मोडून कालवा, मग पातळ करा. कोरडं पीठ घशाला चिकटून ठसका लागतो. आणि सगळं जेवण मिक्सरमधून एकत्र फिरवून देऊ नका. त्या राखाडी लगद्याला ना रंग, ना वास, आणि तो पाहूनच जेवायची इच्छा जाते. मुळातच मऊ असणारे पदार्थ निवडा : पिठलं, मऊ थालीपीठ वरणात बुडवून, आमटीत कुस्करलेली भाकरी, अंड्याची भुर्जी, काटे काढलेला मासा.

'पचत नाही' म्हणजे बहुतेकदा गॅस होतो. एकदम सगळं बदललं तर होणारच. पहिल्या आठवड्यात फक्त धिरडी आणि घट्ट वरण, दुसऱ्यात ताकातलं पीठ, तिसऱ्यात खिचडीचं नवं प्रमाण. अनेक दिवस जवळजवळ उपाशी राहिलेल्या माणसाला अचानक भरपेट खाऊ घालणं धोक्याचंही असतं. तिथे वाढ डॉक्टरांच्या नजरेखाली करा. डाळ भिजवून पहिलं पाणी फेकून द्या. अख्ख्या कडधान्यांत हरभरा, राजमा सध्या बाजूला ठेवून मूग आणि मसुरावर राहा.

कवळीचंही बघा. वजन उतरलं की हिरड्याही आक्रसतात, कवळी हलते, चावता येत नाही म्हणून वजन आणखी उतरतं. दंतवैद्य कवळीला आतून नवा थर लावून ती बसवून देतात, दर वेळी नवी करावी लागत नाही. आणि खुर्चीतून हात न टेकता (सुरुवातीला टेकून) पाच वेळा उठणं-बसणं, दिवसातून दोनदा, कोणीतरी जवळ उभं राहून. स्नायूला काम दिलं नाही तर खाल्लेलं प्रथिन तिथे पोचूनही फारसा उपयोग होत नाही.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे, पंधरा वर्षं मधुमेह. रोज मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड घेतात. आषाढी एकादशीला दिवसभर एकदाच साबुदाण्याची खिचडी खातात. मागच्या वेळी दुपारी घाम फुटून बरळायला लागले. उपवास सोडायला तयार नाहीत. – एक वाचक, पंढरपूर

उत्तर : ती साखर उतरल्याची लक्षणं असण्याची शक्यता मोठी आहे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, माणूस जेवला की नाही याची वाट बघत नाही. म्हाताऱ्या माणसात हातपाय थरथरणं दिसेलच असं नाही. कधी कधी नुसतं बरळणं किंवा गुमसुम होणं एवढंच दिसतं आणि घरचे 'उपवासाने थकले' म्हणतात.

असं झालं तर लगेच ग्लुकोमीटर लावा. ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, किंवा मीटर हाताशी नसेल तरी, तीन सपाट चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, कमीच असेल तर पुन्हा तेवढीच. वर आली की दूध-केळ्यासारखं काहीतरी खायला द्या, कारण या गोळीचा परिणाम तासन्‌तास टिकतो आणि साखर पुन्हा घसरते. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

उपवासाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून त्या दिवशीचा डोस ठरवून घ्या. स्वतःच्या मनाने गोळी बंद नको, रोजच्यासारखी चालूही नको. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर न विचारता उपवास करूच नये. उपाशीपोटी आणि पाणी कमी असताना त्या गोळ्यांमुळे रक्तात आम्ल वाढू शकतं, आणि साखर फार वाढलेली नसल्याने ते लक्षातही येत नाही. निर्जळी उपवास मधुमेही ज्येष्ठांनी करू नये, असं आमचं ठाम मत आहे.

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. ६० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ५० ग्रॅमहून जास्त पिष्ट आणि प्रथिनं नावापुरती. खिचडीत जे काही सत्त्व असतं ते शेंगदाण्याच्या कुटाचं. साखर झपकन चढते, काही तासांनी पोट रिकामं आणि गोळी चालूच. म्हणून एकदा भरपेट खाण्याऐवजी दर तीन तासांनी थोडं थोडं द्या : सकाळी दूध, दुपारी अर्धी वाटी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, चारला ताक आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे, रात्री राजगिऱ्याच्या पिठात कूट आणि काकडी घालून थापलेलं थालीपीठ, सोबत दही. उपवास मोडत नाही आणि साखरही फार हेलकावे खात नाही.

भगरीबद्दल वेगळं सांगायला हवं. ओलसर हवेत तिला बुरशी लागते आणि दरवर्षी सणासुदीला भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात. सुटी भगर आणि तयार पीठ घेऊ नका. पाकिटावरची तारीख बघून अख्खी भगर आणा, निवडा, धुवा, पीठ हवं असेल तर कडक वाळवून लागेल तेवढंच घरी दळा. कुबट वास किंवा कडवट चव आली तर टाकून द्या.

प्रश्न : मी ६८ वर्षांची, जन्मापासून शाकाहारी. तळपायांना मुंग्या येतात, अंधारात चालताना तोल जातो. बारा वर्षं मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी रोज पॅन्टोप्राझोल चालू आहे. इडली-ढोकळ्यासारख्या आंबवलेल्या पदार्थांतून बी-१२ मिळतं असं वाचलं, म्हणून ते वाढवलेत. – एक वाचक, पुणे

उत्तर : त्यावर विसंबू नका. आंबवण्याने इडलीत भरवशाइतकं बी-१२ तयार होत नाही, आणि स्पिरुलिनात जे सापडतं त्यातलं बरंचसं आपल्या शरीराला वापरता येत नाही. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच मिळतं. तुमच्या बाबतीत अडचण ताटाच्या पुढची आहे. अन्नातलं बी-१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं. ते सुटं करायला जठरातलं आम्ल लागतं. वयाने ते कमी होतं, पॅन्टोप्राझोलने आणखी कमी, आणि मेटफॉर्मिन आतड्यातलं शोषण घटवतं. तीन कारणं एकाच माणसात आली आहेत.

रक्तातली बी-१२ची पातळी या आठवड्यातच तपासा. कमी निघालं तर डॉक्टर इंजेक्शन किंवा १००० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या देतात. गोळीतलं बी-१२ सुटंच असल्याने आम्लावाचून अडत नाही. तपासणीआधी नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू करू नका. रक्ताचं प्रमाण सुधारतं, सगळं ठीक वाटतं आणि मज्जातंतूंची हानी मात्र आत चालू राहते. फार काळ दुर्लक्ष झालं तर ती पूर्ण भरून येत नाही. पॅन्टोप्राझोल अजून खरंच लागतं का, हेही विचारा. पुष्कळदा कधीतरी महिन्याभरासाठी लिहिलेली ही गोळी वर्षानुवर्षं चालू राहते.

प्रश्न : आईला पक्षाघात होऊन तीन महिने झाले. आता हाताने जेवते, पण पाणी पिताना हमखास ठसका लागतो. पातळ पदार्थ गिळायला सोपे ना? – एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुतेकांना असंच वाटतं, आणि इथेच घात होतो. पाणी घशात वेगाने उतरतं. अशक्त झालेले स्नायू श्वासनलिकेचं झाकण वेळेवर मिटू शकत नाहीत आणि पाणी फुप्फुसाकडे जातं. सर्वांत अवघड म्हणजे पातळ आणि घट्ट एकत्र असलेला घास : पातळ आमटीत कुस्करलेला भात, दुधातले पोहे. पाणी आधी निसटतं, शितं तोंडातच राहतात.

गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्टकडून करून घ्या. किती घट्ट चालेल हे तेच सांगतील. तोवर हे पाळा. जेवताना खुर्चीत ताठ, पाय जमिनीवर. पलंगावर रेलून कधीच नाही. हनुवटी किंचित छातीकडे झुकवून गिळायचं, मान मागे टाकून पेला ओठाला लावायचा नाही. चहाच्या चमच्याने अर्धा घास, तो गिळून तोंड रिकामं झाल्यावरच दुसरा. पक्षाघाताच्या बाजूच्या गालात अन्न साठून राहतं, ते बोटाने किंवा ओल्या कापडाने काढा. जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवा. घोटलेलं घट्ट वरण आणि मऊ भात एकजीव करून, नाचणीचं सत्त्व, दाट दही, कुस्करलेलं केळं, पिठलं, हे सहसा जमतं. चिवडा, शेंगदाणे, कोरडी भाकरी, ठिसूळ लाडू आणि साबुदाणा टाळा. इसबगोल तर अजिबात नको. ते घशातच फुगून अडकू शकतं.

खाल्ल्यावर आवाज ओलसर, घोगरा होणं, जेवणानंतर धाप, वारंवार बारीक ताप, ही अन्न फुप्फुसात जात असल्याची चिन्हं असू शकतात. ठसका न लागताही ते जाऊ शकतं. दात आणि जीभ दिवसातून दोनदा स्वच्छ ठेवा. तोंडातले जंतूच सोबत खाली उतरतात आणि न्यूमोनिया करतात.

प्रश्न : रक्त पातळ होण्यासाठी वॉरफरिन चालू आहे. पालेभाज्या पूर्ण बंद करू का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बंद नाही, सम ठेवा. मेथी, पालक, अळू यांतलं जीवनसत्त्व-के या औषधाच्या उलट काम करतं, आणि डॉक्टरांनी तुमचा डोस तुमच्या नेहमीच्या जेवणावर बसवलेला असतो. भाजी अचानक बंद केली तर रक्त जास्त पातळ होतं, अचानक रोज खाल्ली तर गुठळीचा धोका. आठवड्यातून तीनदा अर्धी वाटी खात असाल तर तेच चालू ठेवा. जुलाब, ताप किंवा नवं औषध (आयुर्वेदिकसुद्धा) सुरू झालं की आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी तपासणी) लवकर करून घ्या. असेनोकूमारॉल घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

प्रश्न : रोज नाचणीची भाकरी खाते. वय ७०. तरी कॅल्शियमची गोळी लागेल का? सकाळी थायरॉइडची गोळीही असते. – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे ४० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून दीडशेच्या आत. पाळी गेलेल्या बाईची रोजची गरज १२०० धरली जाते. २०० मिली दूध २४० देतं, वाटीभर दही दीडशेच्या आसपास, तीन चहाचे चमचे (सुमारे १० ग्रॅम) तीळ सव्वाशेच्या आसपास. तुमच्याकडे सुके छोटे मासे मिळतात. मऊ शिजवून काट्यांसकट खाल्ले तर त्यांची भर मोठी, फक्त आधी दोनदा पाण्यातून काढा म्हणजे मीठ उतरेल. एवढ्यावरही बेरीज कमी पडली तर गोळी घ्या. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबतच आणि एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर नाही. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तास अंतर हवं. सकाळी सहाला थायरॉइड, अर्ध्या-पाऊण तासाने चहा, दुपारच्या जेवणात कॅल्शियम.

प्रश्न : रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन घेतो. साध्या मिठाऐवजी सैंधव किंवा बाजारातलं कमी सोडियमचं मीठ वापरावं का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. ते वापरून सोडियम वाचत नाही आणि आयोडीन मात्र बहुधा हातचं जातं. कमी सोडियमच्या मिठात त्याच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांच्या किंवा मूत्रपिंड अशक्त असणाऱ्यांच्या रक्तात पोटॅशियम आधीच वर सरकत असतं. ते फार चढलं तर हृदयाची लय बिघडते. पोटॅशियम तपासून डॉक्टर 'चालेल' म्हणेपर्यंत ते घरात आणू नका.

साधं आयोडीनयुक्त मीठच घ्या, पण दिवसाचं माणशी एक सपाट चहाचा चमचा (५ ग्रॅम) सकाळी वेगळ्या वाटीत काढा आणि तुमचा स्वयंपाक त्यातूनच करा. पापड, लोणचं, सांडगी मिरची, फरसाण यांतलं मीठ त्या हिशोबात येत नाही, म्हणून ते रोज नको. वयाने जीभ बोथट होते आणि मीठ जास्त लागतं. तिथे आमसूल, लिंबू, भाजलेलं जिरं, लसणाची फोडणी, ओली कोथिंबीर कामाला येतात. मीठ एकदम अर्ध्यावर आणलंत तर जेवणच कमी होईल. दर आठवड्याला चिमूट-चिमूट कमी करा, महिन्या-दीड महिन्यात जिभेला नव्या चवीची सवय होते.